स्पिटफायरचा आडोसा

माझ्या घरात चहा प्यायला एकही साधा मग नाही. प्रत्येकावर विमान आहे, आणि तेही एकच विमान, दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर. मग झाले, बश्या झाल्या, भिंतीवरची कॅलेंडरं, टाय, मोजे, न्हाणीघरातला टॉवेल झाला. गेल्या नाताळात जावयाने विमानाच्या आकाराचा टोस्ट कापायचा साचा आणला. मी टोस्टवर लोणी थापून खाणारा माणूस. त्या विमानाला लोणी लावायला गेलं की पंख मोडतात. पण प्रेमाने दिलाय म्हणून रोज सकाळी पंख मोडत बसतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

खरं सांगायचं तर मला विमानांतलं ओ की ठो कळत नाही. मी चष्मेवाला. आमच्या केंट परगण्यात, मेडस्टोनजवळच्या बाजारगावात माझं दुकान होतं, आणि अर्ध्या केंटला मी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. विमानात बसलो की माझे कान दुखतात. तरीही आमच्या वेलबरी गावात कोणालाही विचारा, मॉरिस टॅप्सेल कोण? उत्तर मिळेल, तो स्पिटफायरवेडा.

तर सत्तराव्या वाढदिवसाला माझ्या मुलीने, टेसाने, मला त्याच विमानातून फिरवून आणायचं ठरवलं. मागे एक जादा बैठक बसवलेली जुनी लढाऊ विमानं आमच्या भागात हौशी लोकांना अर्धा तास वर नेऊन आणतात.

"बाबा, आता मग नाही, कॅलेंडर नाही. खरंखुरं!" ती म्हणाली.

"अगं, कशाला एवढं?"

"कशाला म्हणजे? आयुष्यभर वेड घेतलंस त्याचं, आणि एकदाही बसला नाहीस. आई असती तर तिनेच ढकललं असतं तुला."

आई म्हणजे माझी बायको, हिलरी. ती जाऊन दोन हिवाळे झाले. टेसाचा चेहरा आनंदाने असा फुलला होता की मी मुकाट्याने तिच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणालो, "वा!"

हे वेड माझ्या गळ्यात कसं पडलं ते सांगायला हवं.

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात आम्हाला मुलगा झाला. एडविन. त्याचं हृदय नीट जुळलेलं नव्हतं. चार दिवस होता. मग आम्ही दोघं रिकाम्या हातांनी घरी आलो. शहरातल्या दफनभूमीत लहान मुलांचा एक कोपरा आहे, तिथे तो आहे. हिलरीला दगड नको होता, म्हणून दगड नाही.

गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीही एक शब्द काढला नाही. सकाळी दार उघडावं तर पायरीवर कोणीतरी फडक्यात गुंडाळून गरम जेवणाचं भांडं ठेवून गेलेलं असायचं. घंटी मात्र वाजवायची नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या दुःखाला असंच भेटतात, पायरीवर डबा ठेवायचा आणि पळायचं. रस्त्यात भेटले तर हवापाण्याचं बोलायचे. मीसुद्धा बोलायचो. दोन महिने मी केंटमधल्या पावसावर इतकं बोललो की वेधशाळेने मला नोकरी द्यायला हवी होती.

मग जुलैत चर्चमागच्या मैदानावर गावची जत्रा भरली. केकची टेबलं, नारळ पाडायचा खेळ, सोडत, सगळं नेहमीचं. हिलरीला चहाच्या टेबलावर बसवलं होतं आणि मला सॉसेज भाजणाऱ्या वॉल्ट ब्रॅबनच्या मदतीला. वॉल्ट आमचा खाटीक. दुपारी दरवर्षीप्रमाणे एक स्पिटफायर मैदानावरून जायचं होतं. ते आलं. माणसं हातातला केक विसरून वर बघायला लागली.

आणि मला वाटलं, आता कोणीच आपल्याकडे बघत नाहीये.

मी रडलो. हातात चिमटा, समोर सॉसेज, आणि डोळ्यांतून नुसत्या धारा. विमान वळून परत आलं तरी थांबेना. तेवढ्यात वॉल्टने मान खाली केली आणि त्याला मी दिसलो.

"गळा दाटतो ना रे, मॉरिस?" तो म्हणाला. "ते इंजिन ऐकलं की माझंपण असंच होतं."

"हो," मी म्हणालो.

त्याने लगेच सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवला. "अरे बघा, आमच्या चष्मेवाल्याला स्पिटफायरने रडवलं! कोणीतरी रुमाल द्या रे, सॉसेज खारट होतायत!"

लोक हसले. पण काय हसणं होतं ते! कोणी रुमाल दिला, कोणी पाठीवर हात ठेवला, पाद्र्यांनी खांदा दाबला, पोस्टातल्या म्हाताऱ्या मिसेस गॉडनने तर मला चक्क मिठी मारली. दोन महिने मला गावात कोणी बोट लावलं नव्हतं. त्या दुपारी अर्ध्या गावाने मला थोपटलं.

वॉल्टला माहीत होतं, हे मला तेव्हाच कळलं. पाऊस आल्यावर शेजाऱ्याला छत्रीत घ्यावं तसं त्याने मला विमानाखाली घेतलं. आमच्याकडे भर मैदानात मुलासाठी रडणारा बाप लोकांना झेपत नाही. स्पिटफायरसाठी रडणारा माणूस मात्र सगळ्यांना झेपतो, नव्हे, आवडतो.

वर न बघणारी आणखी एक व्यक्ती होती. चहाच्या टेबलामागून हिलरी माझ्याकडे बघत होती. मग तिने सुरी उचलली आणि केक कापायला लागली. त्या नाताळात तिने मला पहिला मग दिला, विमानाचा. काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. पुढे दर जत्रेला विमान यायची वेळ झाली की ती टेबल सोडून माझ्या शेजारी येऊन उभी राहायची आणि माझी बाही धरायची. "मॉरिस आणि त्याचं स्पिटफायर," असं लोकांना सांगायची. मला वाटतं तिला सगळं कळत होतं. पण वाटतं एवढंच. एका पलंगावर इतकी वर्षं झोपून मी तिला एकदाही विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

टेसा तीन वर्षांनी झाली. मोठी झाली की सांगू, असं आमचं ठरलं होतं. ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, पण आम्हाला हवी होती तेवढी मोठी ती कधी झालीच नाही. एकुलती एक म्हणून लाडावलेली आहे, असं ती स्वतःच स्वतःला चिडवते. मी हसतो.

आता वॉल्ट गेला. मिसेस गॉडन गेली, पाद्री बदलले, लंडनहून आलेल्या लोकांनी घरं घेतली. मग हिलरी गेली. त्या मगावरच्या विमानामागे काय आहे, हे माहीत असलेला मी एकटा उरलो. रात्री दिवा मालवताना मला एकच विचार यायचा: मी गेलो की एडविन दुसऱ्यांदा जाईल. तो होता, एवढंही कोणाला ठाऊक असणार नाही. म्हणून ठरवलं, विमानाच्या दिवशी जाताना गाडीतच टेसाला सांगायचं.

गाडी जावई चालवत होता. गॅरेथ चांगला मुलगा आहे, फक्त त्याला शांतता सहन होत नाही.

"मॉरिस, उलटीची पिशवी घेतलीय ना? आमच्या ऑफिसातल्या एकाने पायलटच्या मानेवरच केली."

"गॅरेथ! गप्प बस ना," टेसा म्हणाली. "बाबा, लक्ष देऊ नकोस."

"टेसा, मला तुला एक सांगायचंय," मी म्हणालो.

"मला माहितीये काय ते."

मी चमकून तिच्याकडे बघितलं. "काय?"

"घाबरलायस! सकाळी टोस्टसुद्धा खाल्ला नाहीस. अरे, सगळ्यांनाच होतं तसं. हे घे, चीजचं सँडविच. आणि खबरदार आता माघार घेतलीस तर!"

मी सँडविच खाल्लं. बोलायला उघडलेलं तोंड कशाने तरी बंद करायचं म्हणून खाल्लं.

धावपट्टी म्हणजे नुसतं गवताचं मैदान होतं. कडेला लाकडी बराकीत आम्हाला हिरवे झगे चढवले, पॅराशूट बांधलं आणि वेळ आलीच तर बाहेर उडी कशी मारायची ते शिकवलं. माझ्याबरोबर एक धिप्पाड शेतकरी होता. त्याने छातीच्या खिशात वडिलांचा फोटो ठेवला होता. वडील युद्धात याच मैदानावरून उडत असत. पायलट होती इमोजेन नावाची चाळिशीची बाई, आखूड केसांची, चेहऱ्यावर भरपूर ऊन खाल्लेली. ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची.

"आज कोणासाठी उडायचं?"

"म्हाताऱ्यासाठी," शेतकरी फोटोवर हात ठेवून म्हणाला, आणि त्याचा आवाज घोगरा झाला.

"आणि तुम्ही, मॉरिस?"

"मुलीची हौस," मी म्हणालो. मला चोरासारखं वाटलं. देवळात चप्पल घालून शिरलेला माणूस उभा राहील तसा मी त्या विमानापाशी उभा होतो.

इमोजेनने मान हलवली. "समोर छोटा कॅमेरा आहे. तुमच्याकडेच तोंड करून असतो. घरचे नंतर बघतात, तेव्हा दातबित दाखवा."

ती पुढे, मी मागे. मला तिची पाठ आणि डोक्यावरचं चामडी टोपडं तेवढं दिसत होतं. आत पेट्रोलचा आणि तापलेल्या तेलाचा वास. खांदे हलवायलाही जागा नाही. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि मग असं गरजलं की माझे दात वाजायला लागले. विमान नाक वर करून बसलेलं असतं, त्यामुळे चालवणाऱ्याला समोरचं काहीच दिसत नाही. इमोजेन गवतावरून डावीकडे, उजवीकडे नागमोडी जात, बाजूने डोकावत पुढे सरकत होती. मला ते आवडलं. समोरचं दिसत नसलं की असंच जावं लागतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

कुंपणापाशी टेसा दोन्ही हात हलवत उड्या मारत होती. चौतिशीची बाई, लहान पोरीसारखी. मग ती एकदम खाली गेली.

वर गेल्यावर मी बघण्याचं सोडून ऐकतच राहिलो. तो आवाज मी इतकी वर्षं खालून ऐकला होता. तो यायचा आणि निघून जायचा. फार तर दोन घोट चहा होईल एवढा वेळ. आता तो जाईना. मी त्याच्या आतच बसलो होतो. खाली बागा, शेतं, मेंढ्यांचे ठिपके, पलीकडे पांढरे कडे आणि समुद्राची राखाडी पट्टी. मैदानावर तेव्हा वर बघणारी सगळी तोंडं मला आठवली. आता एकही नव्हतं. हिलरी धरायची ती बाही मी आपल्याच हाताने धरली.

"ठीक आहात ना मागे?" कानातल्या यंत्रातून इमोजेनचा आवाज आला. "काही बोलला नाहीत म्हणून विचारलं."

"मला विमानं आवडत नाहीत," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, "हे जरा आधी सांगायचं होतंत."

मला हसू आलं, आणि हसता हसता बांध फुटला. बाईची पाठ होती समोर, चेहरा नव्हता. पाठीशी बोलायला सोपं जातं. मी सगळं सांगितलं. जत्रा, सॉसेज, वॉल्ट, मग. म्हणालो, मला एक मुलगा होता. चार दिवस. त्याचं नाव एडविन. ते नाव मी मोठ्याने उच्चारलं त्याला किती काळ लोटला होता! ते तोंडात बसेना. म्हणून पुन्हा म्हणालो, एडविन. आणि मग त्या गर्जनेत कोणाला त्रास नाही म्हणून ओरडून म्हणालो. नाकातोंडातून पाणी गळत होतं. पुसायला हात वर नेण्यापुरतीही जागा नव्हती.

इमोजेनने सांत्वन केलं नाही. आमच्यापैकीच ती.

"पट्टे घट्ट आहेत?" तिने विचारलं.

"आहेत."

"मग हे त्याच्यासाठी."

तिने नाक थोडं वर उचललं आणि विमान आडवं फिरवलं. सगळं केंट माझ्या डोक्यावर आलं, मेंढ्या, बागा, कडे, सगळं, आणि आभाळ पायाखाली गेलं. पोटातलं चीजचं सँडविच गळ्याशी आलं. मग जग परत जागेवर बसलं. मी इतका सुखावलो होतो की मला त्याची लाज वाटली.

चाकं गवताला टेकली तेव्हा समोरचा बारीक लाल दिवा मला दिसला. कॅमेरा! तो विसरलोच होतो. माझं सगळं बोलणं त्यात गेलं असणार. आधी घाम फुटला. मग जसजसं इंजिन थंड होत गेलं तसं मनात आलं, बरंच झालं की. आपल्याला गाडीत जमलं नाही ते आता यंत्रच सांगेल. टेसा ऐकेल, रडेल, मी शेजारी असेन. मला तोंड उघडावंच लागणार नाही. इतकं सुटल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

"कसं वाटलं? कसं वाटलं?" टेसाने धावत येऊन गळ्याला मिठी घातली.

"घरी फिल्म बघू," मी म्हणालो. "मग कळेल."

तिच्या घरी संध्याकाळी फिल्म लावली. गॅरेथने चिप्स आणल्या, टेसाने मला खास मगात चहा दिला. कुठला ते सांगायला नकोच. मी सोफ्याच्या कडेवर बसलो होतो.

पडद्यावर हिरव्या झग्यात कोंबलेला एक म्हातारा दिसला. विमान उठलं. आणि त्याबरोबर लष्करी बँड सुरू झाला.

ढोल, तुताऱ्या, सगळा सरंजाम. "आवाज कुठे आहे?" मी विचारलं.

"हाच आवाज," गॅरेथ म्हणाला. "त्यांनी सांगितलं मघाशी, इंजिनापुढे दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून सगळ्यांच्याच फिल्मवर बँड लावतात. झकास ना?"

म्हाताऱ्याचे ओठ हलायला लागले. तो हसला, मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तो ओरडत होता आणि वर तुताऱ्या वाजत होत्या.

"अरे, मॉरिसच्या डोळ्यांत पाणी बघ!" गॅरेथ आनंदाने म्हणाला.

टेसाने माझा हात हातात घेतला. तिचेही डोळे भरले होते. "गळा दाटतो ना, बाबा?" ती हळूच म्हणाली. "ते इंजिन ऐकलं की."

शब्दाला शब्द तेच. माझ्या जिभेवर 'हो' आलंच होतं. इतक्या वर्षांची सवय, ते आपोआप येतं. पण वॉल्टने विचारलं तेव्हा त्याला खरं माहीत होतं. हिला माहीत नव्हतं. त्या मैदानात मी एकटा होतो असं मला वाटायचं, पण तेव्हा अख्खं गाव माझ्याबरोबर होतं. एकटा मी आत्ता होतो, पोटच्या पोरीच्या हातात हात देऊन.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"गॅरेथ, तो बँड बंद कर बाबा."

त्याने आवाज बंद केला. पडद्यावर म्हातारा ओरडतच होता.

"तिथे मी एक नाव घेतोय," मी म्हणालो. "तुझ्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता, टेसा. चार दिवस होता. त्याच्यासाठी रडलो होतो मी तेव्हा जत्रेत. विमानासाठी नाही. विमान मला कधीच आवडलं नाही."

गॅरेथला शांतता सहन होत नाही, पण तो बोलला नाही. त्याने चिप्सची पिशवी आवाज न करता खाली ठेवली. टेसा माझ्याकडे बघत राहिली. ती रागावेल असं मला वाटलं, आणि तिचा तो हक्क होता. तिने माझा हात सोडला, रिमोट घेतला आणि फिल्म मागे नेली.

म्हातारा पुन्हा ओरडला. तिने पुन्हा मागे नेली. ती गुडघ्यांवर पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली, लहानपणी कार्टून बघायला बसायची तशी, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुन्हा मागे. पुन्हा. तिचे ओठ माझ्या ओठांबरोबर हलायला लागले, आवाज न करता, चाचपडत. मी सांगणार होतो, पण तिचं तिलाच शोधू दिलं.

"एडविन," ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. "एडविन ना, बाबा?"

मी मान हलवली. तो गेला तेव्हापासून दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्याचं नाव मी ऐकलं नव्हतं.